दुखणं वेगळं, आठवण वेगळी

एक माणूस झोपलेला आहे. डोक्यावर यंत्राचं शिरस्त्राण, आणि त्याच्या मेंदूतून एका स्त्रीच्या आठवणी एकेक करून पुसल्या जात आहेत. पुसणं अलीकडून पलीकडे चाललं आहे. आधी शेवटची भांडणं जातात, मग अबोला, मग एकमेकांचा आलेला कंटाळा. हे सगळं जाताना त्याला सुटल्यासारखंच वाटतं. पण यंत्र मागे मागे सरकत सुरुवातीच्या दिवसांपाशी पोचतं आणि तिथे तो हादरतो. एवढी एकच ठेवा, ही एक तरी राहू द्या, अशी झोपेतूनच विनवणी करू लागतो. मग तिचा हात धरून तो स्वतःच्याच आयुष्यात लपायला जागा शोधत पळत सुटतो. ती जिथे कधीच नव्हती अशा लहानपणच्या आठवणींत तिला घेऊन जातो. तिथे तरी यंत्र शोधायला येणार नाही, ही त्याची आशा.

हा प्रसंग २००४ सालच्या ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ या चित्रपटातला. दिग्दर्शन मिशेल गोंड्री यांचं, पटकथा चार्ली कॉफमन यांची. त्याचं नाव जोएल, तिचं क्लेमेंटाइन. तिने आधीच एका कंपनीत जाऊन जोएलला आपल्या डोक्यातून काढून टाकलं आहे, आणि ते कळल्यावर तोही त्याच दारात जाऊन उभा राहिला आहे. यंत्राखाली जाण्याआधी तो डॉक्टरांना विचारतो, यात मेंदूला इजा होण्याचा धोका आहे का? डॉक्टर शांतपणे सांगतात की तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर ही प्रक्रिया म्हणजेच मेंदूची इजा आहे. फक्त रात्रभर भरपूर दारू प्यायल्यावर होईल तेवढीच. प्रेक्षक इथे हसतात. मला मात्र हे साऱ्या चित्रपटातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं. आठवण म्हणजे मेंदूच्या पेशींत आणि त्यांच्या जोडण्यांत झालेला खराखुरा बदल. ती काढायची तर मेंदूलाच हात घालावा लागणार, आणि आजूबाजूचं काहीच हलणार नाही अशी हमी कोण देणार?

तरुणपणी हा चित्रपट पाहिला तेव्हा ती एक प्रेमकथा होती. आई गेल्यानंतर पुन्हा पाहिला, तेव्हा तो प्रेमाबद्दल राहिलाच नाही. आजारपणाचे ते शेवटचे महिने पुसून मिळाले असते तर मी दिले असते का, हा एकच प्रश्न घेऊन मी तो बघत होते. त्या महिन्यांत आईला झालेला त्रास मला नको होता. पण त्याच महिन्यांत ती माझ्याशी जितकी बोलली तितकी आधी कधी बोलली नव्हती. दोन्ही एकाच खोलीत, एकाच पलंगाशी घडलेलं. एक काढून दुसरं ठेवता येईल का, हे जाणून घ्यायच्या ओढीने मी स्मृतीवरचं संशोधन वाचायला लागले. पुढे आहे ते त्या वाचनातून साचलेलं.

विज्ञानपटांना आठवणींचं वेड जुनं आहे. ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) रेचेल या कृत्रिमरीत्या घडवलेल्या स्त्रीला आपलं बालपण लख्ख आठवतं, आणि ते तिचं नाहीच, तिला घडवणाऱ्या माणसाच्या भाचीचं आहे, असं तिला कळतं. ‘टोटल रिकॉल’मध्ये (१९९०) न केलेल्या सहलीच्या आठवणी विकत मिळतात. ‘मेन इन ब्लॅक’मध्ये (१९९७) एक लखलखाट झाला की समोरच्याची गेली काही मिनिटं कोरी. या सगळ्यांमागे गृहीतक एकच: आठवण ही तयार वस्तू आहे, ती डोक्यात कुठेतरी जशीच्या तशी ठेवलेली असते, म्हणून ती काढता येते, घालता येते, बदलून दुसऱ्याची देता येते. यात चित्रपटवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकात बराच काळ प्रयोगशाळांमध्येही जवळपास हेच मानलं जात होतं. नवी आठवण सुरुवातीचे काही तास ओल्या सिमेंटसारखी असते. त्या वेळात धक्का बसला तर ती बिघडते, पण एकदा सुकली की सुकली. मग ती कितीही वेळा आठवा, तिला काही होत नाही.

या समजुतीला मोठा तडा गेला तो २००० साली. न्यूयॉर्क विद्यापीठात जोसेफ लेडू यांच्या प्रयोगशाळेत करीम नादेर नावाचा तरुण संशोधक काम करत होता. त्याने उंदरांना एक ध्वनी ऐकवला आणि त्यासोबत पायांना विजेचा सौम्य झटका दिला. उंदीर शिकले: हा आवाज म्हणजे झटका. नंतर नुसता आवाज ऐकला तरी ते जागच्या जागी गोठून जात. इथवर काही नवं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नादेरने त्यांना तो आवाज एकदाच ऐकवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डला या भागात अनिसोमायसिन सोडलं. हे द्रव्य पेशींना नवी प्रथिनं बनवू देत नाही. जुन्या समजुतीप्रमाणे याचा काही परिणाम व्हायला नको होता, कारण आठवण तर आदल्या दिवशीच पक्की झाली होती. पण त्याच्या पुढच्या दिवशी आवाज ऐकवला तेव्हा हे उंदीर फारसे घाबरलेच नाहीत. ज्यांना आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं होतं, त्यांची भीती शाबूत होती. आवाज ऐकवून सहा तासांनी औषध दिलं, तरीही ती शाबूत होती.

म्हणजे आठवण जागी केली की ती काही तासांपुरती पुन्हा कच्ची होते, आणि टिकायची असेल तर तिला नव्याने प्रथिनं लावून पक्कं व्हावं लागतं. याला शास्त्रज्ञ पुनर्दृढीकरण म्हणतात. असं काही होत असावं याची चिन्हं १९६८ मध्येच एका प्रयोगात दिसली होती, पण तेव्हा ती बाजूला पडली. नादेरच्या प्रयोगानंतर मात्र या विषयावर कामाची रांग लागली. त्यातून हेही समजलं की प्रत्येक आठवण प्रत्येक वेळी अशी उघडत नाही. जुनी आणि खोल रुजलेली आठवण उघडायला अवघड. जागी करताना त्यात अपेक्षेपेक्षा काहीतरी वेगळं घडावं लागतं. सगळं ठरल्याप्रमाणेच झालं तर मेंदू तिला हात लावत नाही. मला हा बारकावा फार आवडतो. मेंदू आठवण उघडतो तो ती जपण्यासाठी नव्हे तर सुधारण्यासाठी. जगाने काही नवं सांगितलं असेल तरच जुन्याला हात लावायची त्याला गरज पडते.

आईच्या शेवटच्या रात्रीचं एक चित्र माझ्याकडे आहे. मी पलंगाच्या उजव्या बाजूला, तिचा हात माझ्या हातात, खिडकी अर्धी उघडी, आणि ती म्हणते, ‘आता जा, झोप जरा.’ हे तिचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. दादाकडेही एक चित्र आहे. त्यात पलंगाच्या उजव्या बाजूला तो आहे, वाक्य त्याला उद्देशून आहे, आणि मी डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेलेली आहे. खिडकी दोघांच्याही चित्रात अर्धी उघडी आहे. आम्ही यावरून कधी भांडलो नाही. एकदा बोलताना दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही गप्प झालो. कदाचित ती दोघांनाही म्हणाली असेल, वेगवेगळ्या वेळी. कदाचित एकाने दुसऱ्याकडून ऐकलं असेल, आणि इतक्यांदा मनात उगाळलं असेल की ऐकणारा पलंगाशी जाऊन बसला. दादाची खात्री माझ्याइतकीच पक्की आहे. आणि खात्री किती पक्की यावरून आठवण किती खरी हे ठरवता येत नाही, हे तर संशोधनाने केव्हाच दाखवून दिलंय.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणासोबत होतात, काय करत होतात. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांची उत्तरं मुख्य तपशिलांत पूर्ण चुकलेली होती आणि तरीही त्यांचा आत्मविश्वास भरपूर होता. त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद समोर ठेवले, तरी जुनी आठवण परत आली नाही. कागद खरा हे त्यांना दिसत होतं, पण मनात होतं ते नवंच चित्र.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी आयुष्यभर याच दारावर टकटक केली. १९७४ मध्ये त्यांनी आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ असं विचारलं तेव्हा अंदाज सरासरी ताशी ३१.८ मैल आला. ‘चुराडा होईल अशा आदळल्या’ असं विचारलं तेव्हा ४०.८. आठवड्याने काहींना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काचा फुटलेल्या नव्हत्याच. पण ज्यांना जोरदार क्रियापद मिळालं होतं, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांनी काचा पाहिल्याचं सांगितलं. पुढे १९९५ मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी वाचायला दिल्या, नातेवाइकांकडून मिळवलेल्या. तीन खऱ्या होत्या. चौथी, मोठ्या दुकानसंकुलात हरवल्याची, बनावट होती. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. रेचेलला दुसऱ्याचं बालपण द्यायला भविष्यातलं अतिप्रगत तंत्रज्ञान लागलं होतं. इथे विश्वासातल्या माणसाचं एक वाक्य पुरलं. याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा घेऊ नये. ती माणसं मनापासून खरं सांगत होती, आणि म्हणूनच हा शोध अस्वस्थ करणारा आहे. जगभरच्या न्यायालयांत साक्षीदाराच्या ओळख पटवण्यावर निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली आहेत, आणि त्यांतली बहुतेक ओळख प्रामाणिकपणेच पटवलेली होती.

यंत्राने आठवण घालण्याचा प्रयोगही झाला, उंदरांवर. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत स्टीव्ह रामिरेझ आणि शू लिऊ या दोन तरुणांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. कल्पना अशी: एखादा अनुभव येत असताना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ज्या मोजक्या पेशी कामाला लागतात, त्यांनाच प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन बनवायला लावायचं. नंतर बारीक काचतंतूतून निळा प्रकाश सोडला की नेमक्या त्याच पेशी जाग्या होतात. त्यांनी उंदराला एका पेटीत मोकळं फिरू दिलं आणि त्या पेटीची आठवण धरणाऱ्या पेशींवर ही खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी उंदराला वेगळ्याच पेटीत ठेवून पायांना झटके दिले, आणि त्याच वेळी प्रकाश सोडून पहिल्या पेटीची आठवण जागी केली. मग उंदराला पहिल्या पेटीत परत नेलं. तिथे त्याला कधीही काही झालं नव्हतं, तरी तो भीतीने गोठला. तिसऱ्या, अनोळखी पेटीत मात्र तसा गोठला नाही. न घडलेल्या गोष्टीची भीती त्याच्या मेंदूत, ठरवलेल्या जागेशी जोडून, बसवली गेली होती. पुढच्याच वर्षी रॉबर्टो मालिनो यांच्या गटाने उंदरातली भीतीची आठवण प्रकाशाने मावळवून दाखवली आणि प्रकाशानेच परत आणूनही दाखवली.

या कामाबद्दल वाचताना मन पुन्हा पुन्हा त्या दोन मित्रांपाशी जातं. शू लिऊ २०१५ मध्ये गेले, वय अवघं ३७. त्या दुःखाबद्दल रामिरेझ नंतर उघडपणे बोलले आणि त्यांनी लिहिलंही. आठवणी कशा बदलायच्या हे ज्याला जगातल्या मोजक्या लोकांइतकं कळतं, त्याच्यावर ज्याच्यासोबत हे शिकलो तोच आठवण होऊन बसण्याची वेळ आली. माणसाच्या मेंदूत मात्र हे तंत्र असंच्या असं आणता येत नाही. त्यासाठी पेशींमध्ये जनुकं घालावी लागतात, कवटीतून काचतंतू आत न्यावा लागतो, आणि माणसाची एकेक आठवण कुठल्या पेशींच्या जाळ्यात आहे हे आधी माहीत असावं लागतं. जोएलच्या डोक्यावरचं ते शिरस्त्राण अजून फार लांब आहे.

माणसांत जे खरोखर जमू लागलं आहे ते याहून वेगळं आहे, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त रस आहे. ते समजायला आधी १९११ सालच्या जिनिव्हात जावं लागतं. एदुआर क्लापारेद या डॉक्टरकडे एक स्त्री रुग्ण होती. तिच्या मेंदूत नवी आठवण रुजतच नव्हती. रोज भेटणारे डॉक्टरही तिला अनोळखी वाटत. एके दिवशी क्लापारेद यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. ती टोचली. थोड्या वेळाने तिला त्या प्रसंगाचं काहीही आठवत नव्हतं. तरी डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता येईना. कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, असं काहीसं ती म्हणाली. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या मागे घेतलेल्या हाताने एक गोष्ट पक्की सांगितली. घटना विसरली तरी दुखणं लक्षात राहू शकतं. दोन्हींचे धागे मेंदूत वेगळे आहेत. काय, कुठे, कधी घडलं याचा धागा हिप्पोकॅम्पसकडे, आणि अंगावर आलेल्या भीतीचा अमिग्डलाकडे, असं आता ढोबळमानाने सांगता येतं.

कालिदासाला हे माहीत होतं, असं म्हणायचा मोह होतो. शाकुंतलात दुर्वासांच्या शापाने दुष्यंत शकुंतलेला साफ विसरला आहे. पाचव्या अंकात पडद्यामागून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि त्याचं मन अकारण हुरहुरतं. जवळचं कोणी दूर नसताना ही ओढ कसली, असं तो स्वतःलाच विचारतो, आणि बहुधा मागच्या जन्मीचं काही मनात रुतून राहिलं असेल, अशी समजूत घालतो. प्रेक्षकाला ठाऊक असतं की ते याच जन्मीचं आहे. जोएल आणि क्लेमेंटाइनचंही तेच होतं. सगळं पुसून झाल्यावरही दोघं काही कारण नसताना मोंटॉकच्या किनाऱ्यावर जातात आणि पुन्हा भेटतात. इतक्या शतकांच्या अंतराने दोन लेखकांनी विस्मरणाची गोष्ट लिहिली, आणि दोघांच्याही गोष्टीत माहिती गेली, ओढ राहिली.

ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंड्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच्या नेमकं उलट करून दाखवलं. त्यांनी स्वयंसेवकांना कोळ्यांची चित्रं दाखवली आणि एका चित्रासोबत हाताला सौम्य झटका दिला. त्यानंतर ते चित्र पाहताना मोठा आवाज झाला की लोक जास्त दचकत; पापणीजवळच्या स्नायूच्या हालचालीवरून हे मोजता येतं. दुसऱ्या दिवशी काहींना प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली. रक्तदाबावर दिलं जाणारं, जुनं आणि साधं औषध. मग ते चित्र दाखवून आठवण जागी केली. तिसऱ्या दिवशी गोळी घेतलेल्यांचं ते जास्तीचं दचकणं गेलेलं होतं. पण त्यांना विचारलं, या चित्रानंतर झटका येतो का? हो, येतो, असं ते सांगत. माहिती सगळी जागच्या जागी होती. फक्त शरीराने त्या माहितीची भीती धरणं सोडलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आईच्या पलंगाशी मनात आलेल्या प्रश्नाचं हेच तर उत्तर होतं. महिने पुसायची गरजच नाही. त्या खोलीतलं सगळं ठेवून, तिचा त्रास आठवला की छातीत जे आवळतं, तेवढंच सैल करता येईल, निदान तत्त्वतः. ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये कृत्रिम आठवणी तयार करणारी एक तरुणी आहे. लोकांना वाटतं की तपशील वाढवले की आठवण खरी वाटते, पण तसं नसतं, आपण भावनेतून आठवतो, असं ती सांगते. ते खरंच आहे. म्हणूनच भावना सैल केली तर आठवण आपली राहील का, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

मॉन्ट्रिअलमधले आलँ ब्रुने यांनी हीच वाट आघातानंतरच्या मनोविकाराकडे वळवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ६० रुग्ण होते. रुग्णाने आपल्यावर गुदरलेला प्रसंग सविस्तर लिहायचा, शरीराला काय काय वाटलं त्यासकट. मग आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, गोळी घ्यायची, दीड तास थांबायचं आणि आपलंच लिखाण वाचायचं. काहींना खरी गोळी होती, काहींना औषध नसलेली नुसतीच गोळी. कोणाला कुठली, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नव्हतं. खरी गोळी घेतलेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. २०१५ च्या पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर तिथल्या रुग्णालयांतही ही पद्धत नेली गेली. याचा अर्थ सगळं जमलं असा नाही. पुनर्दृढीकरणावरचे काही प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिले तेव्हा त्यांना तोच निकाल मिळाला नाही, आणि कोणाची आठवण या वाटेने उघडेल हे आधी सांगता येत नाही. पण दिशा दिसते आहे.

या दिशेला विरोधही झाला, आणि तो उथळ नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या जैवनीतिशास्त्र परिषदेने २००३ च्या अहवालात विचारलं होतं: वाईट आठवणींची धार अशी बोथट करता येऊ लागली तर लाजिरवाण्या आणि भयंकर कृत्यांबद्दल वाटायला हवी तेवढी लाज आणि भीती उरेल का? ही भीती मी बाजूला सारू शकत नाही. कोणाचा तरी जीव घ्यायला निघण्याआधीच सैनिकाला गोळी दिली, म्हणजे नंतर त्याला झोप लागेल, तर ती गोळी मी औषध मानणार नाही. केलेल्या कृत्याचं मनाला लागून राहणं हे त्या कृत्याला मिळालेलं उत्तर असतं, आणि ते कोणी परस्पर काढून घेऊ नये.

पण सोसलेल्या माणसाचं तसं नसतं. मोठा आवाज झाला की जिचं सगळं शरीर त्या एका रात्रीत परत ओढलं जातं, ती स्त्री काही आठवत नसते. ती तेच पुन्हा सोसत असते. त्या सोसण्यातून तिला काही शिकायचं उरलेलं नाही. ‘वेदनेनेच माणूस घडतो’ हे वाक्य तिला ऐकवण्याचा अधिकार ज्याला ती वेदना झाली नाही त्याला नाही, असं मी ठामपणे मानते. तिला हवं असेल तर गोळी मिळावी. नको असेल तर नातेवाइकांनी, मालकाने किंवा सरकारने ती पुढे करू नये.

गोळी आणि पुसणं यांतला फरक कॉफमन यांनी चित्रपटात एका दुय्यम पात्राकडून दाखवला आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचा कणा तोच आहे. त्या कंपनीत काम करणारी मेरी डॉक्टरांच्या प्रेमात पडते, आणि मग तिला कळतं की हे आधीही झालं होतं. तिच्या संमतीने ते पुसलं गेलं होतं. घडलेलं माहीतच नसल्यामुळे ती त्याच जागी पुन्हा जाऊन उभी राहिली. मग ती सगळ्या ग्राहकांना त्यांच्या फायली पाठवून देते. तिने केलेलं मला पूर्ण पटतं. माहिती काढून घेणं म्हणजे माणसाला निःशस्त्र करणं. शिवाय माझ्या आठवणीत मी एकटी नसते. क्लेमेंटाइनने जोएलला पुसलं तेव्हा दोघांच्या ओळखीच्यांना चिठ्ठी गेली: या दोघांच्या नात्याचा तिच्यासमोर पुन्हा कधी उल्लेख करू नका. एका माणसाने विसरायचं ठरवलं आणि गप्प बसायची जबाबदारी बाकी सगळ्यांवर आली. मी आईचे ते महिने पुसले असते तर दादा एकटाच साक्षीदार उरला असता.

दुखणं कमी झालं आणि घटना तशीच राहिली, तर हे सगळं टळतं. पण एक नवी अडचण येते, आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. अत्याचाराबद्दल साक्ष देणाऱ्या व्यक्तीचा आवाज कापला, ती मध्येच थांबली, रडली, की ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. थरथर हाच पुरावा धरायची आपल्याला सवय आहे. लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवलं की खोटी आठवणसुद्धा पूर्ण खात्रीने सांगता येते. म्हणजे भावनेची तीव्रता हा पुरावा आधीही नव्हता. उद्या उपचार घेतलेली एखादी स्त्री न्यायालयात उभी राहील आणि तारीख, जागा, चेहरा, कशानंतर काय झालं, हे सगळं शांत आवाजात क्रमाने सांगेल. तपशील एकही गेलेला नसेल. तिची उलटतपासणी घेणारा वकील नेमकं त्या शांतपणावर बोट ठेवेल, समोर बसलेल्यांतल्या काहींना ते पटेलही, आणि घरी कोणीतरी म्हणेल की एवढं झालं असतं तर ती अशी बोलली असती का? औषध परिपूर्ण व्हायला अजून वेळ आहे. त्या वेळात न्यायाधीशांना, पोलिसांना आणि आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांना शांत आवाजावर विश्वास ठेवायला शिकावं लागेल.